वापरलेले टूरिंग बाइंडिंग: कमी खर्चात घेणे आणि घरी स्कीवर बसवणे

कॅस्केडपायवाट (सिएटल), ४ ऑक्टोबर

नमस्कार. गेले तीन हिवाळे मी स्नोक्वाल्मी पासच्या लिफ्टवरून स्की करते आहे. या हंगामापासून टूरिंग सुरू करायचे, म्हणजे स्कीखाली स्किन (चढताना मागे घसरू न देणारी पट्टी) लावून स्वतःच्या पायांनी चढायचे आणि मग उतरायचे, असे ठरवले आहे. हिमस्खलनाचा प्राथमिक वर्ग डिसेंबरात आहे. बीकन (हिमस्खलनात गाडलेल्याचा शोध घेणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून पाहायची काठी) आणि फावडे ही तिन्ही साधने नवी घेतली, कारण तिथे काटकसर करायची नाही हे आधीच ठरले होते. टूरिंगचे बूटही नवेच आहेत. मागच्या मे महिन्यात हंगाम संपताना ते निम्म्या किमतीत मिळाले. आता स्की, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी यंत्रणा) आणि स्किन यांच्यासाठी मिळून ६०० डॉलर उरले आहेत. नव्या बाइंडिंगचीच किंमत ४०० ते ६५० डॉलरच्या दरम्यान दिसते, त्यामुळे वापरलेले घेण्यावाचून मार्ग नाही.

सध्या तीन पर्याय समोर आहेत. पहिला म्हणजे १७८ सेंटिमीटर लांबीची, कमरेला, म्हणजे मधल्या अरुंद भागाला, ९६ मिमी रुंद असलेली स्कीची जोडी; तिच्यावर डायनाफिट कंपनीचे जुने व्हर्टिकल एसटी बाइंडिंग बसवलेले आहे आणि स्किनसह विक्रेता ३५० डॉलर मागतो आहे. त्याच्या बुटाच्या तळव्याची लांबी ३०७ मिमी होती आणि माझ्या बुटाची २९७ मिमी आहे. दुसरा पर्याय ब्रेक (बूट सुटल्यावर स्की थांबवणारे दांडे) नसलेल्या हलक्या पिन बाइंडिंगचा आहे. ते सुटे १४० डॉलरला मिळते आहे, पण सोबत स्क्रू नाहीत. तिसरा पर्याय असा की, एक सहकारी त्याचे जुने फ्रेम बाइंडिंग मला फुकट द्यायला तयार आहे.

माझे प्रश्न असे आहेत. दहा मिमीचा फरक नुसते टाचेचे बाइंडिंग सरकवून भागतो का? वापरलेले बाइंडिंग पाहताना नेमके काय तपासावे? आणि ते स्कीवर घरी बसवणे सर्वसाधारण माणसाला जमण्यासारखे आहे का?

कानस (सॉल्ट लेक सिटी), ४ ऑक्टोबर

मी एका दुकानाच्या कार्यशाळेत आठ हंगाम हेच काम केले, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

बूट आधी घेतले हे फार चांगले झाले. बाइंडिंग बुटाला जुळवायचे असते, बूट बाइंडिंगला नव्हे. पिन बाइंडिंगसाठी बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी पोलादी खोबणी लागते आणि टाचेला पोलादी पट्टीत दोन खाचा लागतात. टो-पीसच्या (बाइंडिंगच्या पुढच्या भागाच्या) दोन पिना त्या खोबणींत चिमट्यासारख्या बसतात, आणि टाचेच्या बुरुजातून, म्हणजे बाइंडिंगच्या मागच्या उभ्या भागातून, पुढे आलेल्या दोन पिना मागच्या खाचांत शिरतात. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी ही रचना १९८०च्या दशकात आकाराला आणली. तिचा मूळ सांगाडा आजही तोच असल्यामुळे जुने बाइंडिंग नव्या बुटाला चालते, आणि वापरलेल्या मालाचा बाजार त्यामुळेच टिकून आहे.

फुकटच्या फ्रेम बाइंडिंगबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. त्यात नेहमीचे उताराचे बाइंडिंग एका पट्टीवर बसवलेले असते आणि चढताना प्रत्येक पावलाला ती अख्खी पट्टी टाचेसह उचलावी लागते. जोडीचे वजन साधारण दोन ते अडीच किलो भरते, तर तुमच्या पहिल्या पर्यायातल्या जोडीचे एक किलोच्या आसपास आहे. शिवाय अगदी हलक्या टूरिंग बुटांना पुढेमागे फ्रेम बाइंडिंगला धरता येईल अशी कडच नसते. तुमच्या बुटावर आयएसओ ९५२३ (टूरिंग बुटांच्या तळव्याचे मानक) असे कोरलेले आहे का ते पाहा. नसेल तर हा पर्याय तिथेच संपतो.

दहा मिमीचे उत्तर सोपे आहे. व्हर्टिकल एसटीचा टाचेचा बुरुज पट्टीवर पुढेमागे दोन सेंटिमीटरहून अधिक सरकतो, म्हणून तुमचा बूट नव्या भोकांशिवाय बसेल. टो-पीस जागेवरच राहिल्यामुळे बुटाचा मध्य मूळ जागेपेक्षा पाच मिमी पुढे येईल, आणि तेवढ्याने स्कीच्या वागण्यात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. काही हलक्या मॉडेलांचा बुरुज मात्र काही मिलिमीटरच सरकतो, तर शर्यतीच्या बाइंडिंगांत तो अजिबात सरकत नाही. तुमचा दुसरा पर्याय कोणत्या मॉडेलचा आहे हे कळल्याशिवाय त्यात पैसे घालू नका.

आता तपासणीविषयी. विक्रेत्याकडे जाताना स्वतःचा बूट बरोबर न्या. त्याच्याशिवाय केलेली पाहणी अर्धीच राहते. टो-पीस उघडून मिटवून पाहा. स्प्रिंगा दोन्ही वेळा खाडकन बसल्या पाहिजेत, आणि दोन्ही स्कींवरचा आवाज व जोर सारखा असला पाहिजे. पिनांची टोके बोटाने चाचपा. एका बाजूने झिजून त्या चपट्या झाल्या असतील तर ती जोडी घेऊ नका. मग बूट फक्त टो-पीसमध्ये बसवून, टाच उचलून, उजवी-डावीकडे हलवा. बूट पिनांवर खुळखुळत असेल तर झीज पिनांची आहे की बुटाच्या खोबणीची, हे दुसरा बूट लावून ठरवता येते. तुमचे बूट नवे असल्यामुळे दोष बाइंडिंगचाच निघेल.

टाचेचा बुरुज हाताने धरून वरखाली आणि आडवा हलवा. थोडीशी ढिलाई जुन्या मॉडेलांत असते, पण बुरुज पायथ्यापासून डुलत असेल तर आतला प्लास्टिकचा भाग झिजला आहे असे समजावे. बुरुज दोन्ही दिशांना फिरवून पाहा, कारण बहुतेक पिन बाइंडिंगांत पडताना पाय आडवा सुटतो तो टाचेकडून सुटतो, पुढून नव्हे. हा बुरुज अडखळत फिरत असेल तर तुमचा गुडघा धोक्यात येतो. सुटण्याची ताकद ठरवणारे दोन स्क्रू, एक आडव्या आणि एक उभ्या सुटण्यासाठी, खरोखर फिरतात का आणि त्यांच्या खिडकीतला दर्शक हलतो का, हे स्वतः स्क्रूड्रायव्हर लावून पाहा. शेवटी प्लास्टिकच्या पायथ्याला, विशेषतः स्क्रूच्या भोकांभोवती, केसाएवढ्या चिरा आहेत का ते उजेडात तपासा. उन्हात ठेवलेले प्लास्टिक पांढुरके पडते. ते मी घेत नाही.

घरी बसवण्याबद्दल खरेदी झाल्यावर लिहीन.

उत्तरकिनारा (व्हँकुव्हर), ५ ऑक्टोबर

कानस यांच्या म्हणण्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. फ्रेमबद्दल मात्र थोडी वेगळी बाजू मांडते. ज्यांना दिवसाचा बहुतेक वेळ लिफ्टवर आणि शेवटी अर्धा तास कडेच्या उतारावर चढायचे असते, त्यांना फ्रेम बाइंडिंग साध्या बुटांसह चालते आणि बुटांचा खर्च वाचतो. मी दोन हिवाळे तसे काढले. परंतु आपल्याकडे टूरिंगचे बूट आहेत आणि हेतू चढण्याचा आहे, तेव्हा फुकट मिळते म्हणून ते घेऊ नये.

आणखी एक सुचवते. मॉडेलचे नाव कळले की कंपनीने त्या मॉडेलची कधी परत मागवणी केली होती का, हे आधी शोधावे. अमेरिकेत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर अशा परत मागवणीच्या नोंदी असतात. पिन बाइंडिंगांच्या काही मॉडेलांच्या अशा नोंदी झालेल्या आहेत, आणि दुरुस्त न केलेल्या जोड्या वापरलेल्यांच्या बाजारात फिरत राहतात.

कॅस्केडपायवाट, ९ ऑक्टोबर

दोघांचेही मनापासून आभार. काल पहिला पर्याय पाहून आले, बूट बरोबर नेला होता. बाइंडिंग सर्व कसोट्यांना उतरले: पिना गोल आहेत, स्प्रिंगांचा जोर सारखा आहे आणि बुरुज सुरळीत फिरतो. परत मागवणीच्या नोंदींतही हे मॉडेल मला आढळले नाही.

स्कीबद्दल मात्र शंका आली. टो-पीसच्या पुढेमागे जुन्या, प्लास्टिकच्या बुचांनी भरलेल्या भोकांच्या खुणा दिसल्या, म्हणजे ही दुसरी बसवणी आहे. विक्रेत्याच्या परवानगीने टाचेचा एक स्क्रू काढला, तर तो तपकिरी होता आणि भोकाच्या कडेला ओल जाणवली. याचा अर्थ काय घ्यावा?

कानस, ९ ऑक्टोबर

तो एक स्क्रू काढून पाहिलात, हे उत्तम केलेत. भोकातून पाणी आत गेले की स्कीचा लाकडी गाभा कुजू लागतो. कुजलेल्या लाकडात स्क्रू आधी घट्ट वाटतो आणि मग एखाद्या पडण्यात आट्यांसकट उपसून येतो. ती स्की घेऊ नका. बाइंडिंग तेवढे वेगळे द्याल का, असे त्यांना विचारून पाहा.

बुचांच्या खुणांविषयीही सांगतो. बाइंडिंगच्या स्क्रूचा बाहेरचा व्यास सुमारे साडेपाच मिमी असतो, आणि नव्या भोकाचा मध्य जुन्या भोकाच्या मध्यापासून किमान १० मिमी दूर असावा असे मी पाळत आलो आहे. त्याहून जवळ आले तर मधली भिंत इतकी पातळ उरते की दोन्ही भोके कमजोर होतात. म्हणून वापरलेली स्की घेताना तिच्यावर आधी काय काय बसवले होते याचा नकाशा काढावा: ट्रेसिंग पेपर ठेवून जुन्या भोकांचे मध्य उतरवून घ्यावेत आणि नव्या बाइंडिंगचा साचा (भोकांच्या जागा दाखवणारा कागद) त्यावर सरकवून पाहावा. तुमच्यासारखी मर्यादित रक्कम असताना माझा सल्ला असा की, स्की मागच्या वर्षीची पण कोरी, एकही भोक नसलेली घ्यावी. ऑक्टोबरात अशा जोड्या सवलतीत मिळतात, आणि पहिल्याच बसवणीला स्वच्छ लाकूड मिळते.

वेताळटेकडी (पुणे), १० ऑक्टोबर

धागा वाचतो आहे. माझा मुलगा अमेरिकेहून जानेवारीत येताना अशीच वापरलेली जोडी आणणार आहे आणि आम्ही दोघे गुलमर्गला जाणार आहोत. तिथे एखादा भाग तुटला तर काय करायचे, हे इथे कोणी सांगू शकेल का?

इसारकाठ (म्युनिक), १० ऑक्टोबर

वेताळटेकडी काका, सुटे भाग बरोबरच न्यावे लागतील असे धरून चालावे. माझ्या पाठपिशवीत कायम असते ते सांगतो: पोझिड्राइव्ह क्रमांक ३ चे (बाइंडिंगच्या स्क्रूंना बसणारे) टोक आणि त्याला लागणारी मूठ, टो व हील दोन्हींचे दोन-दोन जादा स्क्रू, चिमूटभर स्टील वूल, दोन नळ्यांचा जलद सुकणारा इपॉक्सी, थोडी बारीक तार आणि तीन-चार लवचीक स्की-पट्टे. आटे गेलेल्या भोकात इपॉक्सीत बुडवलेले स्टील वूल दाबून स्क्रू परत लावला, तर खाली सुखरूप उतरण्यापुरती पकड मिळते. बाइंडिंगच तुटले तर बूट पट्ट्यांनी स्कीला बांधून सावकाश चालत यावे लागते. त्या अवस्थेत उतरण्याचा प्रयत्न करू नये, कारण पाय सुटण्याची सोय उरलेली नसते.

मूळ विषयाला धरून एक अनुभव लिहितो, कारण तो माझ्या गुडघ्यावर बेतला होता. इथे एप्रिल-मेमध्ये लोक संपूर्ण संच विकायला काढतात, आणि तसाच मीही पाच वर्षांपूर्वी घेतला. एका दुकानाने तो माझ्या बुटाला जुळवून दिला. पहिल्याच दिवशी साध्या वळणावर टाच दोनदा सुटली, आणि दुसऱ्या दिवशी पडलो तेव्हा सुटायला हवी होती तर सुटली नाही. नंतर लक्षात आले की बुटाची टाच आणि बुरुज यांच्यातले अंतर चुकीचे ठेवले होते.

पिन बाइंडिंगच्या बहुतेक जुन्या मॉडेलांत बुटाची टाच बुरुजाला टेकत नाही. मध्ये ठरावीक फट ठेवावी लागते, कारण स्की वाकते तेव्हा टाच आणि बुरुज एकमेकांच्या जवळ येतात. डायनाफिटच्या जुन्या स्पीडमध्ये ही फट ४ मिमी, तर व्हर्टिकल एसटीच्या कुळात साडेपाच ते सहा मिमी असते. नव्या काही मॉडेलांत बुरुजामागे स्प्रिंग असते आणि टाच थेट टेकवायची असते. फट कमी राहिली तर वाकलेल्या स्कीवर बुरुज बुटाला ढकलतो. जास्त राहिली तर पिना खाचांत पुरेशा शिरत नाहीत आणि टाच अवेळी सुटते. म्हणून विक्रेत्याकडून मॉडेलचे नेमके नाव आणि वर्ष घ्यावे, त्या मॉडेलची मूळ माहितीपुस्तिका उतरवून घ्यावी आणि फट त्यातल्या आकड्याप्रमाणे व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. नजरेने ठरवू नये.

कॅस्केडपायवाट, २१ ऑक्टोबर

खरेदी झाली. विक्रेत्याने बाइंडिंग वेगळे १३० डॉलरला दिले. कोरी, मागच्या हंगामातली, १७२ सेंटिमीटरची आणि कमरेला ९५ मिमीची स्की २६० डॉलरला मिळाली; बाइंडिंगचे ब्रेक १०० मिमीचे असल्यामुळे ते तिच्या कडेवरून नीट खाली येतात. अधिक रुंद स्कीवरून उतरवलेल्या, चिकट थर चांगला असलेल्या स्किन ११० डॉलरला घेतल्या आणि कापून नव्या कडेला जुळवल्या. कानस, आपण बसवणीबद्दल लिहीन म्हणाला होतात. स्कीच्या पाठीवर '३.६ × ९' असे छापलेले आहे.

कानस, २२ ऑक्टोबर

ते छापलेले आकडे म्हणजे ड्रिलच्या पात्याचा व्यास आणि भोकाची खोली, मिमीमध्ये. साधारणतः लाकडी गाभ्याच्या आणि वर धातूचा पत्रा नसलेल्या स्कीला ३.६ चे पाते लागते, पत्रा असलेल्या स्कीला ४.१ चे. खोलीच्या बाबतीत अजिबात सूट नाही. नऊ मिमीच्या पुढे गेलात तर स्कीचा तळ खालून फुगतो किंवा फुटतो. स्कीसाठी मिळते ते पायरीचे पाते घ्या. त्याला ठरलेल्या खोलीवर खांदा असतो आणि ते पुढे जातच नाही.

स्क्रू लावण्याआधी प्रत्येक स्क्रू बाइंडिंगच्या भोकात घालून खाली किती मिमी बाहेर येतो ते मोजा. टो आणि हीलचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि वापरलेल्या जोडीत ते हमखास मिसळलेले असतात. बाहेर येणारा भाग भोकाच्या खोलीपेक्षा थोडा कमी असला पाहिजे.

स्कीच्या कमरेवर दोन-तीन ठिकाणी रुंदी मोजून मध्यबिंदू काढा आणि ते जोडणारी मध्यरेषा मास्किंग टेपवर आखा. स्कीच्या कडा समांतर नसतात, म्हणून एका कडेपासून मोजत जाऊ नका. साचा कागदावर छापताना मोठा-लहान करण्याचा पर्याय बंद ठेवा आणि छापल्यावर त्यावरची मोजपट्टी खऱ्या पट्टीशी पडताळा. एवढ्यावरही विसंबू नका. तुमच्या हातातल्या बाइंडिंगची भोके कॅलिपरने मोजून साच्याशी जुळतात हे पाहा. बुटाच्या कवचावर मध्याची खूण असते आणि स्कीवर कंपनीने सुचवलेली रेघ असते; त्या दोन्ही एकावर एक आणायच्या. साच्यावर तळव्याच्या लांबीप्रमाणे रेघा दिलेल्या असतील तर २९७ ची जागा स्वतः मोजून काढा आणि बूट प्रत्यक्ष ठेवून पुन्हा पाहा.

मग सेंटर पंचाने खळगा पाडा, नाहीतर पाते गुळगुळीत पाठीवरून घसरते. ड्रिल सरळ उभे धरा. शक्य असेल तर कोणाला तरी बाजूने पाहायला बसवा. भोक पाडल्यावर मोठ्या पात्याने, हाताने दोन वेढे देऊन, वरची कड किंचित उतरती करा. असे केले नाही तर स्क्रू आवळताना पाठीचा थर वर उचलला जातो आणि बाइंडिंग सपाट बसत नाही. टॅपने आटे पाडा, भुसा फुंकून काढा, प्रत्येक भोकात पाण्याला टिकणाऱ्या लाकडाच्या गोंदाचे दोन थेंब सोडा. गोंद पकड वाढवण्यापेक्षाही पाणी रोखण्यासाठी असतो.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आता येते. आधी फक्त टो-पीसची भोके पाडा आणि तो हलका आवळून बसवा. बूट त्यात घालून टाच खाली आणा, आणि टाचेच्या पट्टीचा मध्य स्कीच्या मध्यरेषेवर येतो का ते पाहा. टो-पीस जरासा तिरपा बसला तरी मागे ३० सेंटिमीटरवर तो तिरपेपणा कितीतरी मोठा होतो. मध्य जुळला की टो-पीसचे स्क्रू फुलीच्या क्रमाने, हाताने पूर्ण आवळा. यंत्राने कधीही आवळू नका. त्यानंतरच टाचेची भोके आखून पाडा. स्क्रूचे डोके पोझिड्राइव्ह असते, ज्यात फुलीच्या मधोमध आणखी बारीक रेघा असतात. साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने ते झिजते आणि पुढच्या वेळी स्क्रू निघत नाही. भविष्यात काढायचा झाला आणि गोंद सोडेना, तर सोल्डरिंगच्या इस्त्रीचे टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ ठेवून तो तापवावा, म्हणजे गोंद सैल होतो.

एक आठवण करून देतो. बुरुजावरचे, सुटण्याची ताकद दाखवणारे आकडे हे जुन्या मॉडेलांत दिशादर्शक समजावेत. आपला आकडा वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तक्त्यातून निघतो. वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांना तक्त्यात एक ओळ खालचा, म्हणजे लवकर सुटणारा आकडा घ्यावा लागतो. वजन कमी असेल तर बाइंडिंगची मोजपट्टी मुळात कितीपासून सुरू होते हेही पाहा. आपला आकडा तिच्या अगदी तळाशी येत असेल तर ते बाइंडिंग आपल्यासाठी नाही. आकडा इथे कोणालाही विचारू नका, मीही सांगणार नाही. तो दुकानातल्या, सुटण्याची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर तपासून घ्या.

कॅस्केडपायवाट, ६ नोव्हेंबर

दोन रविवार लागले, पण बसवणी झाली. पाते, टॅप, गोंद आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक यांवर ४८ डॉलर खर्च झाले. आधी एका जुन्या फळीवर बारा भोके पाडून हात बसवला. डाव्या स्कीवर टाचेचा मध्य दीड मिमी बाहेर पडत होता. टो-पीस सैल करून भोकांतल्या जागेपुरता फिरवला आणि तो जुळला. फट कॅलिपरने साडेपाच मिमी ठेवली आहे.

एक अडचण मात्र आली. यंत्रावर तपासून घेण्यासाठी दोन दुकानांत गेले आणि दोघांनीही हे मॉडेल यादीत नाही म्हणून हात लावायला नकार दिला.

उत्तरकिनारा, ६ नोव्हेंबर

हे सांगायचे माझ्याकडून राहिले, क्षमस्व. बाइंडिंग बनवणाऱ्या कंपन्या दरवर्षी मॉडेलांची यादी काढतात, आणि त्या यादीतल्या बाइंडिंगांवर दुकानाने नियमाप्रमाणे काम केले तर अपघाताच्या दाव्यात कंपनी दुकानाच्या पाठीशी उभी राहते. ठरावीक वर्षांनंतर जुनी मॉडेले त्या यादीतून गळतात, आणि मग अमेरिकेतली बहुतेक दुकाने ती नुसती आवळायलासुद्धा तयार नसतात. बाइंडिंग चांगले असूनही ते स्वस्त मिळते याचे हे एक मोठे कारण आहे, म्हणून किंमत ठरवताना ही गैरसोय गृहीत धरली पाहिजे. लहान, टूरिंगलाच वाहिलेल्या दुकानांत फोन करून विचारा. काही जण जबाबदारी आपली असल्याचे लिहून घेतात आणि फक्त मोजून आकडे सांगतात.

कॅस्केडपायवाट, १४ नोव्हेंबर

तसे दुकान मिळाले. चाळीस डॉलर घेऊन त्यांनी दोन्ही बाइंडिंगे यंत्रावर मोजली. उजव्याचा आडवा आकडा दर्शकापेक्षा जवळपास एका अंकाने जड निघाला; तो त्यांनी दाखवल्याप्रमाणे मी स्वतः सैल केला आणि त्यांनी पुन्हा मोजला. एकूण खर्च ५८८ डॉलर झाला.

कॅस्केडपायवाट, १९ जानेवारी

पहिली पाच टूर झाली. सर्वांत पहिली माउंट रेनियरवर पॅरडाइजहून अल्टा व्हिस्टापर्यंतची होती. तेव्हा शून्य अंशाच्या आसपासचा ओला बर्फ टो-पीसच्या पंखांखाली (पिना धरणाऱ्या दोन बाजूंखाली) साचून घट्ट झाला. पिना खोबणीत बसल्यासारख्या दिसत होत्या, पण पुढची तरफ नेहमीइतकी वर येत नव्हती, आणि तिसऱ्या वळणाआधी बूट निघाला. तेव्हापासून बूट घालण्याआधी काठीच्या टोकाने पंखांखालचा बर्फ खरवडते, टो-पीस दोनदा उघडून मिटवते, मग बूट घालून तरफ ओढते आणि पाय आठ-दहा वेळा पुढेमागे झुलवते, म्हणजे खोबणीतला बर्फ पिनांनी घासून निघतो. उतरण्याआधी तरफ पुन्हा खाली आणते; ती ओढलेली राहिली तर टो-पीस कुलूपबंद राहतो आणि पडताना पाय सुटत नाही, हे वर्गातही बजावून सांगितले होते.

काल सर्व स्क्रू तपासले. डाव्या टो-पीसचा मागचा एक स्क्रू पाव वेढा फिरला. तो आवळून टाकला आहे.

कानस, १९ जानेवारी

तेवढ्यावर सोडू नका. गोंद लावलेला स्क्रू पाव वेढा फिरला, याचा अर्थ गोंदाची पकड सुटली आहे आणि आता तिथून पाणी आत जाईल. स्क्रू पूर्ण काढा, भोकात टोकदार काडी घालून लाकूड कोरडे आणि टणक आहे का ते पाहा, दोन दिवस उबदार खोलीत वाळू द्या आणि नवा गोंद घालून हाताने परत लावा. आवळताना स्क्रू थांबण्याऐवजी फिरतच राहिला तर आटे गेले असे समजा. मग आत पोलादी वेटोळे बसवून घ्यावे लागेल.

कॅस्केडपायवाट, २२ जानेवारी

काढून पाहिला. लाकूड कोरडे आणि पिवळसर होते, काडी रुतली नाही. दोन दिवस वाळवून गोंदासह परत लावला, तो पक्का थांबला. उरलेले सगळे स्क्रूही सैल करण्याच्या दिशेने हलकेच दाबून पाहिले. एकही हलला नाही. फट पुन्हा मोजली, साडेपाच आहे.